रेशमाच्या अंगात वाढणारी माशी

पाचव्या अवस्थेतली रेशीम अळी तळहातावर घ्यावी. बोटाएवढी लांब, दुधी रंगाची, मऊ आणि गार. ती चावत नाही, पळत नाही, अंग झटकत नाही. पाला समोर आला की मान खाली घालून कुरतडत राहते. आता तिला उजेडाकडे धरून कुशीवरून नीट बघावे. अंगावरच्या दोन वळ्यांच्या मध्ये कधीकधी एक काळा ठिपका सापडतो, टाचणीच्या डोक्याएवढा, कडेला तपकिरी झाक असलेला. त्याच्याजवळ पांढरट, लांबुळके टरफल चिकटलेले असते. तुतीवर रेशीम घेणारा शेतकरी हा ठिपका पाहताच म्हणतो, "उझी लागली." ठिपका दिसेपर्यंत माशीचे पिल्लू कातडीखाली शिरून खायला लागलेले असते, आणि अळी मात्र अजून निवांत पाला खात असते.

उझी माशीचे शास्त्रीय नाव एक्झोरिस्टा बॉम्बिसिस. घरात घोंगावणाऱ्या माशीपेक्षा ती जराशी मोठी, काळपट करड्या रंगाची, पाठीवर चार काळे उभे पट्टे. पहिल्या नजरेला कुणीही तिला घरमाशीच समजेल. भिंग लावले की फरक कळतो: पोटाच्या टोकाकडे राठ, काळे केस उभे राहिलेले असतात, आणि पोट मागे निमुळते होत जाते. टॅकिनिड नावाच्या प्रचंड कुळातली ही एक. या कुळातल्या साडेआठ हजारांहून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत, आणि ज्यांचे जीवन माहीत झाले आहे त्या सगळ्यांची पिल्ले दुसऱ्या कुणा कीटकाच्या किंवा तशाच बिनकण्याच्या जिवाच्या शरीरात वाढतात. प्रौढ माश्या निरुपद्रवी. फुलांवरचा मध चाटून त्या जगतात. त्यांना हवे असते ते पिल्लांसाठी एक जिवंत, खाऊनपिऊन पुष्ट झालेले शरीर.

असे शरीर रेशीम शेडमध्ये हजारोंच्या संख्येने मिळते. शंभर अंडीपुंजांची (एका मादीने घातलेली अंडी म्हणजे एक पुंज) बॅच म्हणजे चाळीस-पन्नास हजार अळ्या, एका छताखाली, रॅकवर पसरलेल्या. मादी माशी दाराच्या फटीतून किंवा फाटक्या जाळीतून आत येते, अळ्यांच्या अंगावरून चालते, पुढच्या पायांनी चाचपते आणि पोटाचे टोक वळवून एका अळीवर एक किंवा दोन अंडी डकवते. या कामाला काही सेकंद पुरतात. अंडे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे, मलईच्या रंगाचे, आणि असे घट्ट चिकटलेले की बोटाने पुसून निघत नाही. मादी दोन-तीन आठवडे जगते आणि तेवढ्यात शेकडो अंडी घालते. एका अळीवर एक-दोनच अंडी घालण्याचा हिशेब चोख आहे, कारण एका अळीच्या अंगात एखाद-दुसरेच पिल्लू धड पोसले जाऊ शकते.

तिची वेळेची निवडही मला विलक्षण वाटते. रेशीम अळी चार वेळा कात टाकते, आणि त्यामुळे तिच्या वाढीच्या पाच अवस्था होतात. अंडे उबायला दोन ते तीन दिवस लागतात, आणि तेवढ्यात अळीने कात टाकली तर जुन्या कातडीबरोबर अंडेही गळून पडते. माशीची मेहनत वाया. चॉकीतल्या, म्हणजे पहिल्या दोन अवस्थांतल्या, कोवळ्या अळ्यांकडे उझी फारशी फिरकत नाही, कारण त्या लहानही असतात आणि पटापट कातही टाकतात. चौथ्या अवस्थेत धोका वाढतो. पाचवी अवस्था मात्र तिच्या सोयीची: शेवटची कात टाकून झालेली, पुढे सात-आठ दिवस अळी फक्त खाणार. अळीची सगळ्यात वेगाने वाढ याच दिवसांत होते, आणि उझीचा सगळ्यात मोठा मारही याच दिवसांत बसतो.

अंड्यातले पिल्लू बाहेरच्या जगात येतच नाही. अंड्याची जी बाजू अळीच्या कातडीला चिकटलेली असते, तिथूनच ते खाली भोक पाडते आणि सरळ अळीच्या अंगात उतरते. रेशीम शेतीत या पिल्लाला मॅगट म्हणतात. रेशीम किड्याच्या अळीशी गोंधळ नको म्हणून मीही तोच शब्द वापरतो.

आत गेलेल्या मॅगटपुढे पहिली अडचण श्वासाची. अळीच्या शरीरात रक्तासारखा द्रव भरलेला. त्यात पूर्ण बुडालेल्या जिवाला पुरेशी हवा कुठून मिळणार? दुसरी अडचण अळीच्या पेशींची. परका जीव अंगात शिरला की कीटकाच्या रक्तातल्या पेशी त्याच्याभोवती गोळा होतात, थरावर थर चढवतात आणि त्या थरात काळे रंगद्रव्य तयार होऊन तो कडक होतो. शत्रूला कोंडून गुदमरवायचा हा उपाय पुष्कळ परजीवींवर लागू पडतो. उझीच्या मॅगटवर तो उलटतो. मॅगट डोके आतल्या बाजूला आणि शेपटी आत येताना पाडलेल्या भोकाला लावून राहते. तिची श्वासरंध्रे शेपटीच्या टोकाला असतात. अळीच्या पेशी तिच्या मागच्या भागाभोवती जो कडक थर बांधतात, त्याची एक नळी तयार होते, भोकापासून आतपर्यंत. मॅगट त्या नळीतून बाहेरची हवा घेत राहते. अळीने मारण्यासाठी बांधलेल्या भिंतीतूनच तिचा मारेकरी श्वास घेतो. कुशीवरचा तो काळा ठिपका म्हणजे या नळीचे बाहेरचे तोंड.

परजीवी म्हटले की आपल्या मनात ओरबाडून खाणारा जीव येतो. मॅगट तशी खात नाही. सुरुवातीचे दिवस ती अळीचा द्रव आणि चरबी यांवर भागवते. ज्याच्याविना अळी लगेच मरेल अशा अवयवांना तोंड लावत नाही. अळी जगायला हवी, खायला हवी, वाढायला हवी. म्हणून बाधा झालेली अळी निरोगी अळीच्या शेजारी बसून तुतीचा पाला खात राहते. संपूर्ण आयुष्यात अळी जेवढा पाला खाते, त्याचा चार-पंचमांशाहून जास्त भाग पाचव्या अवस्थेत खाते. शेतकरी पहाटे फांद्या तोडतो, वाहून आणतो, दिवसातून दोन-तीनदा बेडवर पसरतो. त्यातला काही पाला अळीच्या वाटेने माशीच्या पोटात जातो. नुकसान मोजताना मेलेल्या अळ्या मोजल्या जातात. फुकट गेलेला पाला आणि मजुरी कुणी मोजत नाही.

पाच ते आठ दिवसांत मॅगट पुरी वाढते. पुढे काय होणार हे अंडे कधी पडले यावर ठरते. चौथ्या अवस्थेत किंवा पाचवीच्या अगदी आरंभी पडले असेल तर अळी कोष विणण्याआधीच मरते. उशिरा पडले असेल तर अळी चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणण्यासाठीच्या चौकटीवर, चढते, कोष विणायला घेते, बऱ्याचदा तो पुराही करते. मग मॅगट आतून कोष भेदून बाहेर पडते. रेशमाच्या कोषात सुमारे हजार मीटर लांबीचा एकच सलग धागा आठाच्या आकड्यासारखे फेरे घेत गुंडाळलेला असतो. भोक पडले की तो धागा शेकडो ठिकाणी तुटतो आणि कोष रीळवर धागा काढण्याच्या कामाचा राहत नाही. बाजारात असे कोष बाजूला काढले जातात आणि भाव पडतो. वरून कोष शुभ्र, टणक, देखणा दिसत असतो. एका बाजूला बारीक गोल भोक, एवढेच.

बाहेर पडलेल्या मॅगटला उजेड नको असतो. रॅकवरून ती जमिनीवर पडते आणि सरपटत अंधार गाठते. भिंतीचा कोपरा, फरशीची भेग, चंद्रिकांच्या थप्पीखालची जागा, मोकळी माती, जे मिळेल ते. एका दिवसाच्या आत तिची कातडी आक्रसून टणक होते आणि लालसर तपकिरी, पिंपाच्या आकाराचा प्युपा तयार होतो. दहा-बारा दिवसांनी त्यातून नवी माशी. अंड्यापासून माशीपर्यंत तीन आठवडे धरले तर वर्षभर अळ्या मिळत राहिलेल्या ठिकाणी उझीच्या दहाहून अधिक पिढ्या होतात.

बंगालच्या रेशीमवाल्यांना ही माशी फार जुनी. १८८० साली लुई या लेखकाने तिथल्या रेशीम किड्यांवर लिहिताना तिला शास्त्रीय नाव दिले. दक्षिणेत ती नव्हती. कर्नाटक हे देशातले सगळ्यात मोठे तुती रेशमाचे राज्य आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथला शेतकरी उझीविना रेशीम घेत होता. १९८० साली पश्चिम बंगालमधून आलेल्या बाधित मालाबरोबर ती कर्नाटकात शिरली आणि पाहता पाहता दक्षिणेच्या सगळ्या रेशीम पट्ट्यात पसरली. एवढे मोठे अंतर ती स्वतः उडून आलेली नव्हती. तिला माणसाने आणले, आणि पुढेही माणूसच गावोगाव पोचवत राहिला, कारण कोष विकायला निघतात तेव्हा कितीतरी मॅगट अजून आतच असतात. पोत्यातून, टेम्पोतून, बाजाराच्या फरशीवर त्या बाहेर पडतात. कोष बाजारात आणि धागा काढणाऱ्या केंद्रांत जमिनीवरच्या मॅगट झाडून, गोळा करून नष्ट करणे हे म्हणूनच रोजचे काम ठरते.

महाराष्ट्रालाही हा रस्ता ओळखीचा आहे. मराठवाड्यात तुती वाढली तरी कोष विकायला बरेच शेतकरी कर्नाटकातल्या रामनगरपर्यंत जात. २०१८ मध्ये जालन्याला कोष बाजार सुरू झाला आणि तो लांबचा फेरा पुष्कळांचा वाचला. बाजार जवळ आला ही आनंदाची गोष्ट. पण बाजाराभोवतीच्या तालुक्यांत उझीवर जास्त बारीक नजर ठेवावी लागते, हेही त्याबरोबर आले.

उझीला आवर घालणे इतके अवघड का, याचे उत्तर रेशीम किड्याच्या इतिहासात आहे. जंगलातले सुरवंट अशा माशीला सहजी अंगाला हात लावू देत नाहीत. कुणी जोरात डोके झटकतात, कुणी धाग्याला लोंबकळून खाली सुटतात, कुणी पान गुंडाळून आत दडतात, कुणाच्या अंगावर केसांचे रान असते. तुतीच्या रेशीम किड्याला माणसाने सुमारे पाच हजार वर्षे पाळले. या काळात जी अळी शांत बसते, भटकत नाही, गर्दी सहन करते, तिचेच बियाणे पुढे ठेवले गेले. पतंगाची उडण्याची ताकदही गेली. शेतकऱ्याला सोयीचे झालेले प्रत्येक लक्षण उझीलाही सोयीचे झाले.

रेशीम आणि माशीची ही जोडी माणसाच्या लक्षात फार पूर्वीच आली होती. अकराव्या शतकात लू तिएन या चिनी विद्वानाने, माशी रेशीम किड्यावर अंडी घालते आणि त्यातून निघालेले किडे पुढे मातीत जाऊन माश्या होतात, असे लिहून ठेवले आहे. एका कीटकाच्या पोटात दुसरा वाढतो या गोष्टीचा युरोपातल्या अभ्यासकांना उलगडा व्हायला त्यानंतर काही शतके लागली. जपानातली उझी तर वेगळ्याच वाटेने जाते. ती अळीला शिवतही नाही. तुतीच्या पानांवर अगदी सूक्ष्म अंडी पेरून जाते. अळी पान खाते, अंडी गिळते, पिल्लू आतड्यात उबते, आतडे भेदून आधी मज्जातंतूच्या गाठीत मुक्काम करते आणि मग श्वासनलिकेकडे सरकते. १८८६ मध्ये सासाकी या जपानी प्राणिशास्त्रज्ञाने हा सगळा प्रवास उलगडून दाखवला. तिथल्या शेतकऱ्याने शेडला कितीही जाळी लावली तरी धोका पाल्यातूनच आत येत होता. आपल्याकडची उझी निदान दारातून येते, आणि म्हणून तिला दारात अडवता येते.

कापसावर किंवा भाजीवर कीड पडली की औषध मारायचे, ही सवय शेतकऱ्याच्या हाताला असते. इथे ती चालत नाही. जे औषध माशी मारेल ते रेशीम अळीही मारेल. दोघी कीटकच, आणि अळी माशीपेक्षा किती तरी नाजूक. शेजारच्या शेतातल्या फवारणीचा अंश पाल्यावर आला तरी बॅच बसते. त्यामुळे उझीशी लढाई दारे, दिवस आणि जमीन या तीन गोष्टींवर लढावी लागते. खिडक्यांना आणि झरोक्यांना बारीक नायलॉनची जाळी. दाराला जाळीचे आपोआप मिटणारे पल्ले, आणि शक्य असेल तर आधी एक लहान खोली, म्हणजे पहिले दार लागल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही. पाला आत नेताना दार उघडे राहणे हा माझ्या मते सगळ्यात मोठा घोटाळा. भारा डोक्यावर, हात गुंतलेले, दाराला दगड लावून ठेवलेला; माशीला तेवढा वेळ भरपूर होतो.

अंडी पडलीच तर ती उबण्याआधी मारायची सोय आहे. केंद्रीय रेशीम मंडळाच्या मैसूर इथल्या संशोधन संस्थेने उझीवर बरेच काम केले. बेन्झोइक आम्लाचे सौम्य द्रावण अळ्यांवर फवारले की अंड्यातले पिल्लू मरते आणि अळीला बाधा होत नाही. मात्र अळ्या काताला बसलेल्या असताना फवारायचे नाही. शेडच्या आतबाहेर पांढऱ्या ट्रेमध्ये उझी-गोळी विरघळवलेले पाणी ठेवतात, माश्या त्याकडे ओढल्या जाऊन बुडतात. जमीन सिमेंटची, भेगा बुजवलेली असेल तर मॅगटला लपायला जागा मिळत नाही. ती कोपऱ्यात गोळा होते आणि झाडूने उचलता येते. गोळा केलेली मॅगट आणि प्युपे साबणाच्या पाण्यात टाकायचे किंवा जाळायचे. बांधावर फेकले तर दहा-बारा दिवसांनी माश्या होऊन परत येतात.

या उपायांत सगळ्यात देखणा उपाय नेसोलिंक्स थायमस नावाच्या इवल्या काळ्या गांधीलवर्गीय कीटकाचा. लांबी दोन मिलिमीटरच्या आसपास. त्याची मादी उझीच्या प्युप्याचे टणक कवच टोचून आत अंडी घालते. तिची पिल्ले आतल्या माशीवर पोसतात, आणि दोन-अडीच आठवड्यांनी एका प्युप्यातून माशीऐवजी डझनावारी नेसोलिंक्स बाहेर पडतात. रेशीम अळीकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. त्यांची पाकिटे संस्थेत तयार होतात. अळ्या पाचव्या अवस्थेत असताना ती शेडमध्ये संध्याकाळी टांगायची, अळ्या चढल्यावर चंद्रिकांजवळ ठेवायची आणि शेवटी उरल्यासुरल्या कचऱ्याच्या खड्ड्याजवळ न्यायची, कारण उझीचे प्युपे या क्रमानेच सापडत जातात.

एवढे करूनही शेजाऱ्याने काहीच केले नाही तर उपयोग अर्धाच. गावात प्रत्येकाची बॅच वेगळ्या आठवड्यात असेल तर माशीला वर्षभर कुठे ना कुठे पाचव्या अवस्थेतली अळी मिळते. सगळ्यांनी एकाच सुमारास अंडीपुंज आणले आणि दोन बॅचमध्ये मोकळे दिवस ठेवले तर बाहेर आलेल्या माशीला अंडी घालायला अळीच सापडत नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दमट दिवसांत ही शिस्त जास्त महत्त्वाची. पैसा न लागणारा हा उपाय आहे, आणि नेमका तोच जमवायला सगळ्यात कठीण.

उझीला शत्रू म्हणताना तिच्या भाऊबंदांकडेही बघायला हवे. ऊस पोखरणाऱ्या खोडकिडीवर स्टर्मिऑप्सिस इन्फेरेन्स नावाची टॅकिनिड माशी जगते. ती किडीच्या भोकाशी जिवंत पिल्ले सोडते आणि पिल्ले भुग्यातून वाट काढत आतल्या किडीला गाठतात. उसाच्या शेतात ही माशी मित्र ठरते, आणि प्रयोगशाळेत वाढवून सोडलीही जाते. पण मित्र आणि शत्रू ही आपली वाटणी माशीला मान्य असतेच असे नाही. अमेरिकेत १९०६ मध्ये जिप्सी पतंगाच्या सुरवंटांनी जंगले उजाड केली म्हणून युरोपातून कॉम्पसिल्युरा कॉन्सिनाटा ही टॅकिनिड माशी आणून सोडली. पुढची ऐंशी वर्षे ती अधूनमधून सोडली जात राहिली. तिला एकट्या जिप्सी पतंगावर भागणारे नव्हते. दीडशेहून अधिक जातींचे सुरवंट तिला चालतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी सेक्रोपिया या तिथल्या भव्य रेशीम पतंगाच्या अळ्या मॅसॅच्युसेट्सच्या जंगलात झाडांवर सोडून पाहिल्या. पहिल्या तीन अवस्थांत मेलेल्या अळ्यांपैकी ८१ टक्के या माशीने मारल्या होत्या. त्या भागातले मोठे रेशीम पतंग विरळ होत चालले होते, त्याचे एक ठोस कारण यातून समोर आले. नेसोलिंक्ससारखा कीटक सोडतानाही तो आणखी कोणत्या माश्यांच्या प्युप्यांवर जातो हे तपासत राहणे मला म्हणूनच गरजेचे वाटते.

आणि जिथे दारच नाही तिथे काय? विदर्भात गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर या जिल्ह्यांत टसर रेशीम घेतात. आरमोरीच्या बाजूला ढिवर कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आली आहेत. टसरच्या हिरव्या अळ्या ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर, उघड्या जंगलात वाढतात. पक्षी, मुंग्या, गांधीलमाश्या यांच्यापासून त्यांना राखायला माणूस दिवसभर झाडाखाली असतो. टसरची उझी वेगळी, ब्लेफारिपा झेबिना नावाची. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या दुसऱ्या पिकात तिचा जोर जास्त. झाडाभोवती जाळी लावणे थोड्या झाडांनाच परवडते, आणि फांद्याफांद्यांत विखुरलेली अंडी शोधणे अशक्यप्राय. उरतो तो हाताने वेचण्याचा मार्ग. झाडांखालची माती हलवून प्युपे काढायचे, आणि पुढच्या वर्षासाठी राखलेले बीजकोष जिथे टांगलेले असतात त्या खोलीच्या जमिनीवर रोज नजर ठेवायची; टसरचा दगडासारखा कोषही भेदून मॅगट तिथे खाली पडत असतात. त्या मातीपर्यंत पोचण्याआधी उचलाव्या लागतात. भोक पडलेला प्रत्येक बीजकोष मादीचा असेल तर पुढच्या पावसाळ्यात दीड-दोनशे अळ्या कमी.